स्कॅन केलेलं पान आणि सापडणारं पान

प्रश्न असा आहे: “सोलापुरातल्या ‘ब’ वर्गाच्या एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल म्हणून रुजू होऊन आठ महिने झाले. बी.लिब. झालं आहे. कार्यकारिणीतले एक ज्येष्ठ सभासद दर बैठकीत म्हणतात, ‘सगळं मोबाईलमध्येच आहे की ओ, आपणही डिजिटल होऊ, स्कॅनर घेऊन टाकू.’ सुरुवात कुठून करायची? आणि या कामात पुढे ग्रंथपालाला जागा राहणार आहे का?”

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: जागा आहे, आणि पूर्वीपेक्षा मोठी आहे. पहिल्याचं उत्तर थोडं लांबेल. एकाच वाक्यात हवं असेल तर स्कॅनर सगळ्यात शेवटी घ्या. आधी नोंदी.

मी या कामात एकतीस वर्षं आहे. पहिली बारा सार्वजनिक वाचनालयात, नंतरची सगळी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात. तालिका पत्रांच्या, म्हणजे पुस्तकांच्या नोंदकार्डांच्या, लाकडी खणांपासून कोहा या ग्रंथालयाच्या संगणकप्रणालीपर्यंत सगळं या हातांनी केलंय. चूकही केली आहे आणि ती तुम्ही करू नये म्हणून ती आधी सांगते.

सार्वजनिक वाचनालयात असताना आमच्याकडे जुन्या स्थानिक वृत्तपत्रांचे बांधीव खंड होते. पानं तपकिरी झालेली, कोपऱ्याला हात लावला की तुकडा हातात यायचा. देणगी मिळाली आणि आम्ही एका बाहेरच्या मंडळींना स्कॅनिंगचं काम दिलं. तीन आठवड्यांत त्यांनी काम उरकलं. पानं सपाट बसावीत म्हणून काही खंडांची शिवण उसवली, ती परत कधी बांधली गेली नाही. आम्हाला मिळाल्या सहा डीव्हीडी. त्यांत हजारो चित्रं, आणि प्रत्येकाचं नाव ‘इमेज’ आणि पुढे एक आकडा. कोणतं वृत्तपत्र, कोणती तारीख, कितवं पान, काहीही नाही. मी ते काम तपासून घेतलं होतं. चित्रं स्पष्ट आहेत एवढंच पाहिलं आणि सही केली.

दोन वर्षांनी एक गृहस्थ आले. साठीचे असतील. त्यांचे आजोबा जुन्या मिलमध्ये साच्यावर होते. मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला तेव्हा त्यांना धरून नेलं होतं, आणि त्याची बातमी छापून आली होती, असं घरात सांगत आलेले. “तेवढी बातमी बघायची होती,” म्हणाले. मी डीव्हीडी लावल्या. ते माझ्या शेजारी खुर्ची घेऊन बसले आणि आम्ही एकेक चित्र उघडत गेलो. चौथ्या दिवशी चौथी डीव्हीडी संगणकानं वाचलीच नाही. ते गृहस्थ उठले, हात जोडले आणि म्हणाले, “राहू द्या बाई, तुम्हाला त्रास झाला.” त्यांच्या त्या नमस्कारानं मला आजही अस्वस्थ व्हायला होतं.

बातमी सापडली ती नंतर, आणि सापडली कागदावरच. माझ्या आधीच्या ग्रंथपालांनी एका जाड वहीत स्वतःच्या हौसेनं स्थानिक बातम्यांची सूची केली होती. तारीख, पान, रकाना, आणि बातमीत आलेली नावं. ती वही कपाटाच्या तळाशी जुन्या वार्षिक अहवालांखाली होती. त्यातल्या एका ओळीवरून आम्ही शिवण उसवलेल्या गठ्ठ्यात हात घातला आणि दहा मिनिटांत ते पान काढलं. हजारो चित्रांना जमलं नाही ते त्या वहीतल्या एका ओळीनं केलं. डिजिटल ग्रंथालय म्हणजे काय, हे मला त्या दुपारी कळलं. ती वहीच डिजिटल करायची असते. पानांची छायाचित्रं हा त्यानंतरचा भाग.

आता तुमच्याकडे काय असेल त्याचा अंदाज करते. दाखल नोंदवह्या, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमानं उतरवलेल्या वह्या, असतील, बहुतेक सगळ्या. पुस्तकं ‘कादंबरी’, ‘चरित्र’, ‘प्रवास’ अशा कपाटांत, दाखल क्रमांकानं लावलेली. संगणकावर एखादी एक्सेलची फाईल असेल, कुणीतरी तपासणीच्या आधी घाईनं भरलेली, आणि त्यातली निम्मी मराठी जुन्या फॉन्टमध्ये असेल. ती दुसऱ्या संगणकावर उघडली की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. तो फॉन्ट युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांना सारखीच कळणारी अक्षरपद्धत, नसतो, मागे इंग्रजी अक्षरंच असतात, वर फक्त मराठी आकार चढवलेले. ही फाईल टाकून देऊ नका. फॉन्ट बदलून देणारी साधनं मिळतात, पण रूपांतरानंतर जोडाक्षरं आणि रफार एकदा डोळ्याखालून घालावेच लागतात.

काम किती आहे ते बैठकीत आकड्यांत सांगा, म्हणजे चर्चा जमिनीवर येते. पंचवीस हजार पुस्तकं आहेत असं धरू. एक माणूस पुस्तक हातात घेऊन, शीर्षकपान पाहून, नीट नोंद करत असेल तर दिवसाला साठ नोंदी होतात. म्हणजे सुमारे ४१७ कामाचे दिवस, सुट्ट्या धरून दीड वर्ष. दोघं असतील तर नऊ महिने. नोंदवहीवरून उतरवून काढलं तर वेग दुप्पट होतो हे खरं, पण वहीत जे आहे ते कपाटात नसतं आणि कपाटात जे आहे ते वहीत वेगळ्याच नावानं असतं. पुस्तक हातात घेऊनच नोंद करा. त्यातच ग्रंथपडताळणीही होऊन जाते, आणि निर्लेखनाला, म्हणजे संग्रहातून कमी करायला, काढायची पुस्तकंही बाजूला निघतात.

इंग्रजी पुस्तकांचं काम सोपं असतं. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, टाकला की तयार नोंद उतरवून घेता येते. मराठीत ही सोय तुटपुंजी आहे. जुन्या पुस्तकांवर आयएसबीएन नसतोच. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे मराठी पुस्तकांच्या नोंदी आहेत, पण त्या रोमन लिपीत, अक्षरांवर-खाली टिंबं-रेघा देऊन केलेल्या. त्या पडताळ्याला उपयोगी पडतात, पण आपला वाचक तसं टंकणार नाही. म्हणजे मराठी पुस्तकांच्या नोंदी मराठी ग्रंथपालांनीच करायच्या आहेत, दुसरं कुणी करून ठेवलेलं नाही. आणि आपल्याकडे याची परंपरा आहे. शंकर गणेश दाते यांनी मराठी ग्रंथसूचीचा पहिला खंड १९४३ मध्ये काढला, त्यात १८०० ते १९३७ पर्यंतची छापील मराठी पुस्तकं आहेत. तेव्हा ना संगणक ना फोन. त्या सूचीतली नोंद करण्याची शिस्त आजही आमच्या कामाला पुरते.

नोंद करताना सगळ्यात जास्त वेळ कशावर घालवायचा? नावांवर. इथं मी थोडी रेंगाळणार आहे, कारण शोध इथंच फसतो आणि वाचक म्हणतो ‘पुस्तक नाही’.

आपल्या चार हुतात्म्यांचंच घ्या. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेले. चौकात पुतळे आहेत, गावातल्या पोराठोराला नावं पाठ. पण छापील मजकुरात बघा: कुठे मल्लप्पा, कुठे मलप्पा. कुठे श्रीकिसन, कुठे श्रीकृष्ण, कुठे नुसतं किसन. हुसेन आणि हुसैन दोन्ही. विद्यार्थी एकच रूप टाकणार आणि त्याला चारातलं एकच पुस्तक दिसणार. आपला शाहीर राम जोशी. निम्म्या पुस्तकांवर ‘रामजोशी’ असं जोडून, निम्म्यांवर तोडून. माणसाच्या डोळ्याला फरक नाही, संगणकाला ते दोन वेगळे इसम आहेत. गावाचं नावही तसंच. जुन्या पुस्तकांत सोलापुर, ऱ्हस्व. ब्रिटिश काळातल्या इंग्रजी कागदांत एसनंतर एच घालून शोलापूर. १८८४ चं जिल्ह्याचं गॅझेटिअर त्याच स्पेलिंगनं आहे. आजच्या स्पेलिंगनं शोधणाऱ्याला ते दिसणारच नाही, आणि तो समजणार की जिल्ह्याचा इतिहास लिहिलेलाच नाही.

टोपणनावांचं तर सांगायलाच नको. गोविंदाग्रज आणि राम गणेश गडकरी, कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर. कार्डांच्या काळात आपण एका नावावरून दुसऱ्याकडे पाठवणारं ‘पाहा’ असं पत्र घालत होतो. संगणकावरही तेच करायचं असतं, फक्त जागा बदलली. कोहासारख्या प्रणालीत अधिकृत नावाची वेगळी नोंद ठेवता येते आणि बाकीची रूपं तिला जोडता येतात. शीर्षकाची पर्यायी रूपं मार्कच्या, म्हणजे संगणकातल्या नोंदींच्या ठरलेल्या आराखड्याच्या, २४६ क्रमांकाच्या क्षेत्रात (रकान्यात) जातात. या दोन गोष्टी जो ग्रंथपाल मन लावून भरतो त्याच्या ग्रंथालयात पुस्तकं सापडतात. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीची पुस्तकं अशीच आहेत. ‘कांहीं’, ‘नाहीं’. शीर्षक पुस्तकावर आहे तसंच उतरवा आणि आजचं रूप पर्यायी शीर्षकात घाला.

आणखी एक बारीक गोष्ट, जी कुठल्या अभ्यासक्रमात मला कुणी शिकवली नाही. ‘दऱ्या’ हा शब्द संगणकावर दोन तऱ्हांनी टंकता येतो. दोन्ही पडद्यावर हुबेहूब सारखे दिसतात. एकात आडव्या रफारासाठी नुक्त्याचा र वापरलेला असतो, दुसऱ्यात साधा र आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. ‘ॲ’चंही तसंच. एक अक्षर म्हणूनही येतो, आणि ‘अ’वर चंद्र देऊनही. आमच्याकडे एका मुलीनं एक पद्धत वापरली, दुसऱ्या मुलानं दुसरी, आणि सहा महिने आम्ही हरवलेली पुस्तकं शोधत होतो जी जागच्या जागी होती. तेव्हा पहिल्याच दिवशी ठरवा: सगळे एकच कळफलक वापरतील. इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा प्रमाण कळफलक शिकून घ्या, पंधरा दिवसांत बोटं बसतात. आणि भिंतीवर एक कागद लावा, त्यावर आपल्या ग्रंथालयाचे लेखननियम: आद्याक्षरांत टिंबानंतर जागा सोडायची की नाही, आडनाव आधी की नंतर, ‘डॉ.’ लिहायचं की गाळायचं.

सोलापुरात भाषा चार. मराठीच्या बरोबरीनं तेलुगू, कन्नड, उर्दू. पूर्वभागातल्या वाचनालयांत तेलुगू पुस्तकं आहेत, कपाटावर चिठ्ठी ‘तेलुगू – १४०’ आणि खाली काहीच तपशील नाही, अशी मी पाहिली आहेत. पद्मशाली समाजाच्या जुन्या स्मरणिका, विणकरांच्या सोसायट्यांचे अहवाल, कन्नड वचनांची छोटी पुस्तकं, उर्दू मुशायऱ्यांच्या पत्रिका. या नोंदी मूळ लिपीतही करा आणि देवनागरीतही. मार्कमध्ये त्यासाठी ८८० क्रमांकाचं क्षेत्र आहे. लिपी येत नसेल तर येणाऱ्याला बोलवा. आमच्याकडे निवृत्त तेलुगू शिक्षक दोन महिने रोज संध्याकाळी येऊन बसत होते. चहाशिवाय काही घेतलं नाही. “कुणीतरी आमची पुस्तकं नावानं लिहून ठेवतंय,” एवढंच म्हणाले.

सॉफ्टवेअर कोणतं, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण कार्यकारिणी विचारेल. सार्वजनिक वाचनालयांसाठी माझं मत कोहाच्या बाजूनं आहे. न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालयासाठी ते तयार झालं, २००० साली सुरू झालं, आणि मोफत आहे. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. एनआयसी या सरकारी संगणक-संस्थेचं ई-ग्रंथालय आणि महाविद्यालयांत चालणारं, विद्यापीठांची ग्रंथालयं जोडणाऱ्या इन्फ्लिबनेट केंद्राचं सोल हेही आहेत, आणि जिथं ते नीट चालू आहेत तिथं बदलायची गरज नाही. कोहा बसवणाऱ्याला एक गोष्ट मात्र आठवणीनं सांगा: शोधयंत्रणेची मांडणी ‘आयसीयू’ (युनिकोडच्या सगळ्या लिप्या हाताळणाऱ्या) प्रकारची ठेव, नाहीतर देवनागरी शोध धड चालत नाही. कोणतंही घ्या, करारापूर्वी एकच अट घाला: माझ्या सगळ्या नोंदी मला हव्या तेव्हा मार्क स्वरूपात बाहेर काढता आल्या पाहिजेत. नाही म्हणाला तर उठून या.

आता स्कॅनिंग. काय स्कॅन करायचं? जे दुसऱ्या कुणाकडे नाही ते. लोकप्रिय कादंबरी स्कॅन करून काही मिळवत नाही आपण. मराठी विश्वकोश संकेतस्थळावर आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची बरीच पुस्तकं मोफत उतरवून घेता येतात. आयआयटी खरगपूरनं उभारलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८ पासून सगळ्यांना खुलं आहे. तिथं असलेलं पुन्हा करण्यात आपले पैसे घालवू नका. पण गावातल्या बंद पडलेल्या वृत्तपत्राचे अंक, गिरण्यांच्या कामगार संघटनांची पत्रकं, गड्ड्याच्या यात्रेच्या जुन्या जाहिराती, नाट्यसंस्थांच्या स्मरणिका, वाचनालयाची स्वतःची इतिवृत्तं, हे सोलापूरशिवाय कुठे असणार? आणि सोलापुरातही एखादीच प्रत. इथल्या एप्रिल-मेच्या उन्हात, पत्र्याखालच्या खोलीत, आम्लयुक्त लगद्याचा तो कागद किती दिवस तग धरेल?

कसं करायचं ते थोडक्यात सांगते. ३०० डीपीआय (एका इंचात तीनशे ठिपके), रंगीत, मूळ प्रत टिफ या चित्रप्रकारात. वाचकाला द्यायची प्रत पीडीएफ. ए-फोर आकाराचं एक रंगीत पान न दाबलेल्या टिफमध्ये साधारण २६ एमबी होतं, दोनशे पानांचं पुस्तक पाच जीबीच्या वर. म्हणजे एक टीबीच्या डिस्कवर अशी १९०च्या आसपास पुस्तकं. डिस्क घेताना हा हिशेब मांडा. प्रती तीन: दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक ग्रंथालयाच्या इमारतीबाहेर. वर्षातून एकदा प्रत्येक प्रत उघडून बघायची, तारीख टाकून वहीत सही करायची. माझी चौथी डीव्हीडी कुणी दरवर्षी उघडून पाहिली असती तर वेळेत कळलं असतं. फाईलचं नाव स्कॅन करतानाच द्यायचं, नंतर कधीही नाही: वृत्तपत्राचा संक्षेप, वर्ष, महिना, दिवस, पान. वर्ष आधी, म्हणजे यादी आपोआप कालक्रमानं लागते. आणि शिवण उसवू नका. वरून फोटो घेणारा, पुस्तक अर्धवट उघडं धरणारा स्कॅनर भाड्यानंही मिळतो.

ओसीआरबद्दल, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करण्याबद्दल, अवास्तव आशा नको. टेसरॅक्ट हे त्यासाठीचं मोफत साधन मराठी ओळखतं, नव्या छपाईवर चांगलं चालतं. खिळ्यांच्या जुन्या छपाईवर ‘घ’चा ‘ध’, ‘भ’चा ‘म’, ‘ष’चा ‘प’ होतो. पूर्ण मजकूर सुधारत बसायला माणसं नसतील तर निदान मथळे आणि विशेषनामं हातानं भरा. शोधणारा बहुतेक वेळा नावच शोधत असतो.

कायदा समजून घ्या, कारण दबाव तुमच्यावर येणार आहे. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजून ६० वर्षं हक्क राहतो. लेखक १९५० मध्ये वारला असेल तर २०१० च्या अखेरीस पुस्तक मुक्त झालं. अनुवादकाचा हक्क वेगळा मोजायचा. हक्क शाबूत असलेलं पुस्तकही ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवता येतं, स्वतःकडे छापील प्रत असेल तर. ही तरतूद २०१२ च्या दुरुस्तीनं आली. पण जतन करणं वेगळं आणि व्हॉट्सॲपवर सोडणं वेगळं. सभासद येतात, म्हणतात, “ताई, अमुक कादंबरीची पीडीएफ ग्रुपवर टाका की.” मी कधी टाकली नाही, टाकू दिली नाही. मराठी पुस्तकाची आवृत्ती हजार-पाचशे प्रतींची. त्यात दोनशे जणांच्या फोनवर ते फुकट गेलं तर प्रकाशक पुढचं पुस्तक छापणार कशावर? ग्रंथालयानं ते करणं मला विश्वासघात वाटतो. सभासदाला सांगा, पुस्तक राखून ठेवते, मंगळवारी या. आणि मंगळवारी ते खरंच राखलेलं असू द्या.

महाविद्यालयीन ग्रंथालयांकडे वेगळीच गोष्ट घडली आहे. तीही सांगते, कारण उद्या तुम्ही तिकडे जाल. पूर्वी नियतकालिकाची वर्गणी भरली की अंक आपला. वर्गणी बंद केली तरी बांधीव खंड कपाटात. आता आपण वापराचा परवाना घेतो. इन्फ्लिबनेटच्या एन-लिस्ट योजनेतून महाविद्यालयांना हजारो ई-नियतकालिकं आणि पुस्तकं मिळतात, शोधगंगेवर देशभरातल्या पीएच.डी.चे प्रबंध खुले आहेत, आणि केंद्र सरकारची ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजना १ जानेवारी २०२५ पासून सरकारी उच्च शिक्षण संस्थांसाठी सुरू झाली, सुमारे १३,००० नियतकालिकं आणि तीन वर्षांसाठी ६,००० कोटींची तरतूद. सोलापूरसारख्या ठिकाणच्या संशोधक विद्यार्थ्याला पूर्वी एका लेखासाठी पुण्याची गाडी पकडावी लागायची, त्या मानानं हे फार मोठं आहे. पण लॉगिन दिलं म्हणजे वापर झाला असं नाही. माझ्याकडे पासवर्ड घेऊन गेलेली निम्मी मुलं वर्षभर एकदाही आत जात नव्हती. कारण विचारलं तर एक जण म्हणाला, “मॅडम, आत गेल्यावर काय शोधायचं तेच कळत नाही.” मग मी दर गुरुवारी तासाभराचं शिबिर सुरू केलं, पाच-पाच जणांचं, त्यांचा स्वतःचा विषय घेऊन. यंत्रमागावरच्या कामगारांच्या श्वसनविकारांवर एका मुलीला लिहायचं होतं. ‘पॉवरलूम’ टाकून तिला जेमतेम काही मिळालं, ‘कॉटन डस्ट’ आणि ‘बिसिनोसिस’ (कापसाच्या धुळीनं होणारा फुफ्फुसांचा विकार) टाकल्यावर रांग लागली. तो दुसरा शब्द तिला माहीत असण्याचं कारणच नव्हतं. योग्य शब्द सुचवणं हे ग्रंथपालाचं काम भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांच्या काळातही होतं.

गेल्या दोन वर्षांत त्यात एक भर पडली. मुलं एआयकडून संदर्भयादी घेऊन येतात. परवा एका मुलानं सात संदर्भ आणले. लेखकाचं नाव, नियतकालिक, खंड, पानं, सगळं व्यवस्थित. आम्ही बसून एकेक तपासला. तीन लेख अस्तित्वातच नव्हते. नियतकालिक खरं, खंडही खरा, त्या पानांवर लेख भलताच. मुलगा पार गोंधळला, त्यानं काही लबाडी केली नव्हती. त्याला ओरडले नाही. डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळखक्रमांक, कसा तपासायचा, खंडाची अनुक्रमणिका कशी उघडायची ते दाखवलं. आता तो मित्रांना घेऊन येतो.

तुमच्या वाचनालयात हेच अभ्यासिकेत घडेल. स्पर्धा परीक्षेची मुलं सकाळी सहापासून बसतात, पुस्तकं स्वतःची, फोन स्वतःचा. कार्यकारिणीला वाटतं ही मुलं वाचनालय वापरतच नाहीत, नुसती जागा वापरतात. त्यांच्या जवळ जाऊन बसा एकदा. भरतीची खोटी जाहिरात, जुना शासन निर्णय नवा म्हणून फिरवलेला, चुकीची उत्तरतालिका, सगळं त्यांच्या ग्रुपवर फिरत असतं. शासन निर्णय राज्याच्या संकेतस्थळावर क्रमांकानं शोधता येतो, हे पन्नासातल्या पाच जणांनाही ठाऊक नसतं. विडी वळणाऱ्या आईची एक मुलगी आमच्याकडे यायची. अर्जाची मुदत संपली असं ग्रुपवर वाचून रडत बसली होती. मूळ जाहिरात उघडली, मुदतवाढीचं शुद्धिपत्रक खालीच होतं. पाच मिनिटांचं काम. तिचा अर्ज त्या दिवशी गेला.

आणि दृष्टिहीन वाचकांना विसरू नका. डिजिटलचा खरा अर्थ त्यांच्यासाठी आहे. सुगम्य पुस्तकालय २०१६ पासून आहे, पडदावाचकावर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या साधनावर, ऐकता येतील अशी पुस्तकं तिथं मिळतात, आणि अपंग व्यक्तींसाठी वाचनीय प्रत करायला कायद्याची मुभा आहे. नुसत्या चित्रांची पीडीएफ त्यांच्या उपयोगाची नसते, मागे मजकूर लागतो. नोंदी करताना जे युनिकोड तुम्ही जपाल ते इथंही कामी येईल.

बैठकीत काय मांडायचं ते सांगते. त्या ज्येष्ठांना विरोध करू नका, त्यांची ओढ खरी आहे. पहिल्या वर्षी मागा: दोन संगणक, बारकोडचं छपाईयंत्र आणि बारकोड वाचणारं यंत्र, इंटरनेट, आणि नोंदीसाठी एक मदतनीस. स्कॅनर दुसऱ्या वर्षी. देवघेव संगणकावर आणायची घाई नको, आधी रोज मागणीत असलेली तीन हजार पुस्तकं पूर्ण करा आणि तेवढ्यावर सुरू करा. म्हातारे सभासद वही मागतील, त्यांच्यासाठी वहीही चालू ठेवा. सभासदांच्या घरची माहिती, फोन नंबर कुणाला देऊ नका, कोण काय वाचतो तेही नाही. ग्रुपवर ‘आपलं पुस्तक थकलं आहे’ असं नावानिशी टाकू नका, वेगळा संदेश पाठवा.

अनुदान उशिरा येतं, पगार कमी आहे, हे मला माहीत आहे आणि त्याचं दुःखही आहे. चांगली शिकलेली मुलं या कामातून बाहेर पडताना मी पाहिली. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानं गावोगाव वाचनालयं उभी राहिली, ती चालवणाऱ्या माणसांच्या हातात त्या मानानं काहीच पडलं नाही. ते बदलावं म्हणून संघटनेतून भांडत राहा.

सोमवारपासून काय करायचं ते आता सांगते. स्थानिक साहित्याचं कपाट उघडा. नसेल तर एक रिकामं करा, आणि गावाबद्दलचं जे जे सगळ्या कपाटांत विखुरलंय ते तिथं आणा. तोंडावर रुमाल बांधा, कसर फार असते. पहिल्या पन्नास वस्तूंची नोंद हातानं वहीत करा: नाव, तारीख, कोणी छापलं, आत कोणाकोणाची नावं आहेत. तपशील मुद्दाम जास्त लिहा. पन्नास झाल्यावर ती वही घेऊन या, आपण बसून क्षेत्रं ठरवू. दुपारी उन्हात नको, सहानंतर या, त्या वेळी आमचा वाचनकक्ष रिकामा असतो आणि मोठं टेबल मिळतं.